कडूबाईचं डोहाळजेवण

नगर, ता. १२ मार्च १९७३

आत्याबाई,

पत्राच्या सुरुवातीला सासूला दंडवत लिहितात. तो लिहायला माझा हात वळत नाही, तेव्हा त्याच्यावाचूनच ऐका. तुम्ही कुठल्या वाचताय म्हणा! राधाकृष्ण गुरुजी वाचतील, तुम्ही ओट्यावर पाय पसरून ऐकाल, आणि तुमच्यामागं निम्मी वाडी कान टवकारून उभी राहील. बरंच आहे. गुरुजी, जरा मोठ्यानं वाचा आणि मध्येच खोकून काही गाळू नका. तुमची खोड मला ठाऊक आहे.

चार वर्षांनी तुमचं कार्ड आलं. अक्षर गुरुजींचं, बोल तुमचे. "गोरखचं पोट नगाऱ्यावानी फुगलंय, हातपाय काड्या झाल्यात. झोपंत दात खातंय. परवा वकलं तर तोंडातनं ईतभर किडा पडला, जित्ता. देवऋषी म्हनला, टाकून दिलेल्या बाईचं काम हाय. छबू, तुजं हाय ते काढून घे. लेकरानं तुजं काय वाकडं केलंय?"

लेकरानं माझं काही वाकडं केलेलं नाही. अडीच वर्षांचं पोर ते, माझ्या सवतीचं. मी त्याचं तोंडसुद्धा पाहिलं नाही. पण आत्याबाई, मी तुमचं काय वाकडं केलं होतं, तेवढं आधी सांगा. विसरला असाल तर मी सांगते. ओट्यावरच्या बायाही ऐकू देत, त्यातल्या निम्म्या तेव्हा माझी ओटी भरायला होत्या.

लग्नाला दुसरं वर्ष लागलं आणि मला माती खावीशी वाटायला लागली. चुलीची, भिंतीची, भाजक्या ढेकळाची. चोरून खायचे. एक दिवस तुम्ही पकडलंत आणि हसलात. माझ्याकडं बघून तुम्ही हसलात ते आयुष्यात तेवढंच. "अगं बया, हिला डोहाळं लागलं!" पाळी चुकत होतीच. पोट पुढं आलं होतं, चालताना दम लागत होता. मला काय कळत होतं? आई लहानपणीच गेलेली, तुम्ही म्हणाल ते खरं. डोहाळे मोडू नयेत म्हणून तुम्ही गढीच्या ढिगाऱ्याची मऊ पांढरी माती टोपलीनं आणवलीत. ज्या ढिगाऱ्याआड सगळी वाडी पहाटे टमरेल घेऊन जाते, त्याच ढिगाऱ्याची. चाळून, पितळी ताटात घालून पुढं ठेवलीत. "खा, पोराला पायजे ते खा." हिरवं लुगडं झालं, हिरवा चुडा झाला, फुलांची वाडी झाली, खर्ड्याहून पेढे आले.

नववा सरला, दहावा सरला, बारावासुद्धा सरला. तेव्हा तुम्ही मला ओट्यावर ओढत आणलंत आणि बायांसमोर पोटावरचं लुगडं खेचलंत. "बघा गं, पोर कुठलं, निस्ती माती भरलीय हिनं! खोटारडी, आमचं डोहाळजेवान खाऊन बसली!" तुमचे मच्छिंद्र, नाव घेते, आता कुणाची लाज, दावणीपाशी बैलाच्या पाठीवरून हात फिरवत उभे होते. दुसऱ्या दिवशी तोच बैल विकायला घोडेगावच्या बाजारात निघाला. माझं माहेर तिथलंच, म्हणून त्याच ट्रकमध्ये त्याच्या शेजारी मला चढवलंत. बैलाच्या पुढ्यात कडबा होता. मला भाकरीही बांधून दिली नाही.

तिथून पुढं मी कशी जगले आणि नगरच्या दवाखान्यात नोकरीला कशी लागले, ते तुम्हाला सांगायचं कारण नाही.

तुम्ही विचारता, करणी माझी का? माझीच. घ्या, लिहून दिलं. काढायला मला घटकाभर पुरेल. पण फुकट काढणार नाही.

पाडव्याच्या दिवशी तुमचं डोहाळजेवण करायचं. हिरवं लुगडं नेसायचं. विधवेला हिरवं चालत नाही म्हणाल, तर माझ्यासाठी चालवून घ्या. हातात हिरव्या बांगड्या, डोक्यात फुलं. माझ्या वेळच्या झाडून साऱ्या बाया बोलवायच्या, त्याच ओट्यावर पाटावर बसायचं, आणि गढीची पाच मुठी माती पितळी ताटातून खायची. एकही मूठ थुंकायची नाही. शेवटी म्हणायचं, "छबू खोटी नव्हती." मग मी काढते.

तुमची टाकलेली सून,
छबू


नगर, ता. २४ मार्च १९७३

राधाकृष्ण गुरुजींस,

हे तुमच्यापुरतं. ओट्यावर वाचू नका.

तुमचं रागाचं पाकीट मिळालं. "शहाणी मुलगी तू, करणी कबूल कशी करतेस? ती बाई खरं मानते," म्हणता. मानू द्या की! तिनं मला गरोदर मानलं तेव्हा पेढा तुम्हीही खाल्ला होता, गुरुजी.

तुम्हाला खरं सांगते. मी संडास तपासायच्या खोलीत काम करते. नाक मुरडू नका, त्याच खोलीनं मला जगवलं. लोक काड्यापेटीत घालून आणतात, दोऱ्यानं बांधून, वर नाव लिहून. मी उघडते, काचेवर लावते, शामकांतराव दुर्बिणीतून बघतात आणि कागदावर लिहितात. चार वर्षांपूर्वी बापानं मला इथं आणून टाकलं तेव्हा डॉक्टर नीलांबरीबाईंनी माझी खालची पापणी ओढून बघितली आणि बापाला म्हणाल्या, "ही चालत कशी आली?" अंगात रक्तच उरलं नव्हतं. अंकुशासारख्या तोंडाचे बारीक किडे, शेकड्यांनी, आतड्याला डसून रक्त पीत होते. घाणीच्या ओल्या मातीत अनवाणी चाललं की तळव्यातून शिरतात. रक्त कमी झालं की बाईला माती खावीशी वाटते, पाळी बंद होते. गर्भ नव्हता, डोहाळेही नव्हते. कॅप्सूल, जुलाब, लोहाच्या गोळ्या. सहा महिन्यांत मी माणसात आले.

आणि गोरखचं म्हणाल तर मला दुर्बीणही लागली नाही. ईतभर लांब, गोल, पांढुरका किडा म्हणजे साधे जंत. माती लागलेल्या हातातून, न धुतलेल्या भाजीतून त्यांची अंडी पोटात जातात. मग पोट फुगतं, बेंबीभोवती कळ येते, खाल्लेलं अंगी लागत नाही. औषध गोड असतं, पाकासारखं. दोन दिवस दिलं की गठ्ठ्यानं पडतात. नीलांबरीबाईंकडून बाटली मागून घेतलीय, घरातल्या लेकरासाठी म्हणून. माझ्या फडताळात आहे.

मग पाठवत का नाहीस, असंच विचाराल ना? पाडव्याला अकरा दिवस आहेत म्हणून. मला तिनं ते ताट हातात धरलेलं हवंय. धरलं की त्याच दिवशी बाटली एसटीच्या कंडक्टरकडं देते.

तुम्ही लिहिता, मच्छिंद्र आणि माझी सवत भीमा दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडतात, पोर आजीच्या ताब्यात. आणि आजी म्हणते, सरकारी दवाखान्यात बाप्यांना नसबंदीला धरून कापतात, माझ्या नातवाला तिथं नेऊ देणार न्हाई. मग बसू दे तिला माझ्या पायाशी! अकरा दिवसांत जंतानं कुणी मरत नाही, गुरुजी. इथं पोरं वर्षवर्ष तसलं पोट घेऊन हिंडतात.

मला दुष्ट म्हणालात. आहे. चार वर्षं त्या ओट्यावरचा वारा माझ्या उघड्या पोटाला लागतोय. तुम्ही तेव्हा शाळेच्या पायरीवर उभे राहून बघत होतात, तुम्हाला काय लागलं?

छबू


नगर, ता. ९ एप्रिल १९७३

आत्याबाई,

पाडव्याचं सगळं गुरुजींनी कळवलं.

लुगडं भीमाचं नेसलात. कासार म्हणाला, म्हातारे, विधवेच्या हातात चुडा भरून मला पाप लावून घ्यायचं नाही. म्हणून भीमाच्याच बांगड्या साबण लावून स्वतः चढवल्यात, एक पिचली आणि मनगट कापलं. बाया आधी फिदीफिदी हसल्या. तिसऱ्या मुठीला तुम्ही वकलात. रतनबाई हात धरून म्हणाली, "पुरं करा, म्हातारी मरंल." तुम्ही तिला झिडकारलंत. वकलेली मूठ मोजली नाही, तिच्या जागी नवी घेतलीत. मग कुणी हसेना. पाचही पुऱ्या केल्यात आणि "छबू खोटी नव्हती" एकदा सांगितलं होतं ते तीनदा म्हणालात. गोरख मांडीवर होता म्हणे, तोही ताटाला हात घालत होता.

वाचून मी हसले. खोटं कशाला बोलू, पोट धरून हसले. शामकांतरावांनी विचारलं, "काय गं, लॉटरी लागली का?" दुपारी डबा उघडला आणि तसाच झाकला. गुरुजींनी ते मनगटाचं लिहायला नको होतं.

आता नीट ऐका. करणी नव्हती. मला करणी येत नाही, येत असती तर तुम्ही चार वर्षं जगला नसतात. पोराच्या पोटात जंत आहेत, साधे जंत, जगातल्या निम्म्या पोरांना असतात. तुम्ही माती फुकट खाल्लीत, आत्याबाई. हे लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

या पत्राबरोबरच खर्ड्याच्या गाडीच्या कंडक्टरकडं बाटली देतेय. झाकणाला दोऱ्यानं लहान चमचा बांधलाय. सकाळी चमचाभर आणि दुसऱ्या सकाळी चमचाभर, बास. जंत पडतील, जिवंत पडतील, बघून बोंब मारू नका. खोल खड्डा करून पुरा. आणि पोराचे हात धूत जा. औषध आजच्या आज द्या, उशीर करू नका. उशीर मी पुष्कळ केलाय.

छबू


नगर, ता. १० मे १९७३

गुरुजी,

तुमचं पत्र पोचलं. तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचायला शामकांतरावांकडं दिलं, म्हटलं मलाच अक्षर लागत नसेल. त्यांनीही तेच वाचलं.

कंडक्टरकडून बाटली तिनं स्वतः घेतली. घरी आणलीच नाही. गावाच्या शिवेवर खड्डा करून लिंबू आणि टाचण्यांसकट पुरली. तुम्ही पत्र वाचून दाखवलंत, जंत म्हणजे काय ते समजावलंत, तर तुम्हाला म्हणाली, "गुर्जी, आदी तीच म्हनली मी केलं. पाच मुठी माती खाल्ली तवा म्हनती केलंच न्हवतं. मंग बाटलीत काय हाय? ऱ्हायलेलं हाय त्यात." तुम्ही पिच्छा सोडेनात तेव्हा मग खोटंच सांगितलं, औषध दिलं म्हणून. तुम्ही सुट्टीला पुण्याला गेलात.

वाकडं तरी काय बोलली ती? माझ्याच सहीचा कागद होता तिच्याकडं.

सत्तावीस तारखेला पोराचं पोट दगडासारखं झालं. संडास बंद, हिरवी वांती, वांतीत जंत. दोन दिवस ते आईच्या अंगावर पाय झाडत होतं. मग मच्छिंद्रनं वाळूच्या ट्रकला हात केला. जामखेड दिसायला लागलं तेव्हा ते गार झालं होतं.

नीलांबरीबाईंना विचारलं. त्या हात धूत होत्या, मागं न बघता म्हणाल्या, "जंतांचा गुंता होऊन आतडं बंद पडलं असणार. मार्चमध्ये औषध पडलं असतं तर आज खेळला असता. कुणाचं पोर गं?" मी म्हटलं, गावाकडचं.

मी त्याला मारलं, गुरुजी. मला अकरा दिवस थांबून एका म्हातारीची गंमत बघायची होती आणि ती मी बघितली. तुम्ही लिहिता की म्हातारीचं अज्ञान नडलं. तिचं अज्ञान मला पाठ होतं, त्यावरच तर मी डाव मांडला. देवऋषी म्हणाला होता टाकून दिलेल्या बाईचं काम आहे, तो खरा निघाला.

काल मच्छिंद्र आले होते. दवाखान्याच्या फाटकाबाहेर उभे, आत पाऊल टाकेनात. हातात खण आणि नारळ. माझ्या तोंडाकडं न बघता म्हणाले, "आईनं पाटीवलंय. एकावर भागव, म्हनली. भीमाच्या पोटात दुसरं हाय, पाचवा लागलाय."

मी विचारलं, भीमा कशी आहे?

"पांढरीफटक पडलीय. पाय सुजल्यात. हंडा उचलला की धापा टाकती, खडी फोडताना दोनदा पडली."

आणखी काही विचारायची गरज नव्हती. मी म्हटलं, "तिला इथं आणा, उद्याच्या उद्या. माझ्यावानी झालंय तिला, रक्त नाही अंगात. अशीच राहिली तर बाळंतपणात दोघं जातील. इथं औषध आहे." औषध म्हटल्याबरोबर त्यांनी खण-नारळ भुईवर ठेवला, दोन पावलं मागं सरले आणि खाली वाकून माझ्या पाया पडले. लग्नाचा नवरा माझ्या पाया पडला, गुरुजी. मग पळत सुटले. मी फाटकापर्यंत हाका मारत गेले, तसे आणखीच जोरात पळाले.

तुम्ही समजावाल म्हणता, पण तुमचं कोण ऐकतंय? तुम्ही समजावलंत आणि बाटली शिवेत गेली. माझं खरं त्या वाडीत कुणी ऐकायचं नाही. खोटं मात्र सगळे ऐकतात, हात जोडून ऐकतात. सोबत दुसरं पाकीट आहे, कडूबाईच्या नावाचं. ते ओट्यावर वाचा, सगळ्यांसमोर. माझी बाजू घ्यायला जाऊ नका. वाचताना तुमचा आवाज कापला तर कापू द्या, बरंच होईल.

छबू


नगर, ता. १० मे १९७३

कडू,

तुझा नारळ मिळाला. फोडला, गोड निघाला. तुझा गोरख मीच खाल्ला, ते तुला ठाऊक आहे. आता दुसऱ्याचं बोलू.

एकावर भागव म्हणतेस. भागवीन. पण मी सांगेन तसं झालं पाहिजे. लिंबू-टाचणीनं मी बांधली जात नाही, ते तू करून बघितलंस.

बावीस तारखेला, मंगळवारी, भीमाला माझ्या दवाखान्यात आणायचं. मच्छिंद्रनं आणायचं. त्या सकाळी तिच्या अंगातून जे निघेल ते काड्यापेटीत घालून, दोऱ्यानं बांधून आणायचं. ते माझ्या हक्काचं आहे. तिच्या बोटातून मी थेंबभर रक्त घेईन. थेंब दिला नाहीस तर सगळं घेईन.

इथं पांढरा डगला घातलेली एक बाई बसते. मी तिच्या हुकमात आहे. ती भीमाला जे देईल ते भीमानं तिच्यासमोर गिळायचं. घरी गोळ्या देईल त्या रोज घ्यायच्या, मूल होईपर्यंत, एक दिवस खाडा नाही. संडास काळी होईल. ते माझं काळं बाहेर पडतंय असं समज. घाबरून गोळ्या बंद केल्यास तर ते माघारी फिरेल आणि पोटातल्याला धरेल.

भीमानं खडीचं काम सोडायचं. तिनं अनवाणी भुईवर पाऊल टाकायचं नाही, घरात नाही आणि रानात तर नाहीच. टाकलं की मला कळेल. गढीच्या ढिगाऱ्यामागं तुमच्या घरातलं कुणी बसायचं नाही. लांब रानात चर खणायचा, बसून झालं की माती लोटायची. जेवायला बसण्याआधी हात राखेनं घासून धुवायचे, पाण्याचा टँकर येवो न येवो.

तू खाल्लीस ती पाच मुठी मातीही माझीच आहे, ती तुझ्या पोटात बसलीय. तुझीसुद्धा काड्यापेटी पाठव. तुला एवढ्यात मरू द्यायचं माझ्या मनात नाही.

लेकरू होईल ते मला दाखवायचं नाही. बारशाला माझं नाव काढायचं नाही. त्याचं तोंड मी बघणार नाही, हा माझा शब्द. पण ते रांगायला लागलं की दर सहा महिन्यांनी त्याची काड्यापेटी इथं आली पाहिजे, ते शाळेत जाईस्तोवर. नाही आली तर तीन दिवस मोजून वाट बघेन, मग स्वतः येईन.

वाडीत सांगायचं ते खुशाल सांग. ओट्यावर बसून माझ्या नावानं बोटं मोड, रडणाऱ्या पोरांना माझं नाव सांगून गप कर. मी आडवी येणार नाही. मंगळवारी भीमा उपाशीपोटी आली पाहिजे, आणि पहिल्या गाडीनं.

लेकरं खाणारी,
छबू